दिगंबर पेंटरांचे घर

संस्थाने विलीन झाली तेव्हा राजांची चित्रे रंगवणारे दिगंबर पेंटर बुऱ्हाणपूरला शनवाऱ्यात राहायला आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. हल्ली कानाला हेडफोन लावून त्यांच्या आयुष्याच्या जागा पाहत फिरायची सहल निघते. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र त्यांचे घर म्हणून समोरचे, कौतिकशेठचे घर सांगितले आहे.

"मी जन्मले ते घर हे," पेंटरांची मुलगी उषाताई सहलवाल्याला म्हणाली. "त्या घरात बाबा कधी चहालासुद्धा गेले नाहीत."

"आवाज भरून झाला, ताई. आता चेंज नाही होत."

लोक कौतिकशेठच्या ओट्यापुढे थांबून हात जोडू लागले. शेठने पेंटरांचा फोटो लावून हार घातला.

"वाईट नका मानू, उषाताई. लोक लांबून येतात, त्यांना खाली हात कसं पाठवायचं?"

पितृपक्षात पेंटरांच्या तिथीला उषाताईने गच्चीवर पान वाढून ठेवले. समोरच्या गच्चीवर शेठनेही ठेवले.

"ठेवू दे," उषाताई म्हणाली. "बाबांना तरी आपलं घर माहीत आहे."



कावळा कौतिकशेठच्या गच्चीवर उतरला.