दोघांनी ऐकलेली शिट्टी

सॉफ्टवेअर कुठं रखडतं ते हिंगोलीत घरी बसून शोधायचं, हे माझं काम. मशीनच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची नोंद एक वेळ सांगते आणि वर चालणाऱ्या प्रोग्रामची दुसरीच. अशा वेळी दोन्हींत नोंदलेली एक घटना धरून घड्याळं जुळवायची. मग आधी काय झालं अन् नंतर काय, ते लपत नाही.

काल आमचं भांडण मिटवायला आखाडा बाळापूरहून माझे मार्तंडमामा आले. माझा नवरा विश्वजीत त्यांच्यापुढं साळसूद तोंड करून बसला.

"मामा, कुकरची शिट्टी झाली, त्याच्यानंतर ही मला उलट बोलली. म्हणून माझा हात उठला."

"खोटं बोलून राहिले हे. हात आधी उठला," मी म्हणाले.

कुणाचं खरं धरावं, मामांना कळेना.

शिट्टी मात्र आम्ही दोघांनीही ऐकली होती. मी विश्वजीतला विचारलं, "शिट्टी झाली तवा मी गॅस काहून बंद केला न्हाई?"

तो फिसकन हसला.

"कसा करणार? गाल धरून उभी व्हतीस ना!"