काठावरची गर्दी

बोर्निओतल्या आमच्या किनाबातांगन नदीवर 'दुर्गम अरण्याची सफर' अशी पाटी लावलेली एक होडी आहे. तिच्यावरचा वाटाड्या म्हणजे मस्लान. त्याचे वडील बरीच वर्षं लेकीकडे शहरात होते. डॉक्टरांनी हात टेकल्यावर ते गावी परतले आणि म्हणाले, "जाण्याआधी एकदा आपलं रान डोळे भरून बघू दे." त्याच रानात वेत तोडून त्यांनी संसार केला होता.

आता काठावर झाडांची एक अरुंद पट्टी आहे आणि तिच्यामागे नजर पोहोचेल तिथवर पाम तेलाचे मळे. हे सांगायला मस्लानची जीभ रेटेना. होडीतून मात्र तेवढी पट्टीच दिसते, आणि तीही अगदी घनदाट. म्हणून त्याने बाबांना पाहुण्यांसोबत होडीत बसवलं.

तासाभरात सगळं दिसलं. पाण्यात उतरलेले हत्ती, झाडाझाडावर लांब नाकाची माकडं, पोराला पोटाशी धरून बसलेली ओरांगउटान. पाहुण्यांचे फोन खाली येईनात.

"आजोबा, तुमच्या रानात तर जत्राच भरलीय!" एक बाई ओरडली.

"बघा बाबा, मी म्हणत नव्हतो?" मस्लान खुशीत म्हणाला. "आहे तस्संच आहे."

बाबांनी हत्तींकडे बोट दाखवलं.

 

"अरे, महिनाभर वेत तोडत हिंडलो तरी आम्हाला हत्तीचं शेपूट दिसायचं नाही. हे एवढे सगळे काठाला येऊन उभे आहेत, म्हणजे मागे काहीच उरलं नाही ना रे?"