उसनं दुःख

कोर्टाची पायरी न चढता, वकिलांसह एका टेबलाशी बसून वेगळं व्हायचं केतकी आणि नचिकेतनं ठरवलं होतं. दोघांच्या मनगटांवर पट्ट्या होत्या. त्या पट्ट्यांमधून एकाचं दुःख दुसऱ्यापर्यंत पोचे आणि त्यालाही सोसावं लागे, त्यामुळे तिथे खोटं चालत नाही असं सगळे म्हणत.

"ओवीशिवाय मी जगू शकत नाही," नचिकेत म्हणाला, आणि केतकीला इतकं गलबलून आलं की लेकीचा ताबा सोडून तिनं सही केली.

पट्टी काढताना तिला उमगलं, त्या दुःखाला फिनेलचा वास होता. इस्पितळात सासूबाई गेल्या, तेव्हा तीच त्याला धरून बसली होती.

"तू आईंना आठवत होतास."

"आधी ओवीलाच आठवून पाहिलं," तो शांतपणे म्हणाला. "तुझ्यापर्यंत काही पोचेचना."