पहिलं बाळंतपण सासरी

"पहिलटकरणीला सासरी ठेवायची ही कुठली पद्धत गं, विमल?" शेजारच्या रखमाबाईंनी दारातूनच विचारलं.

विमलाबाईंनी मेथी निवडता निवडता मानही वर केली नाही. "माझी," त्या म्हणाल्या.

मोहन्यात त्यांचं घर नाल्याच्या काठी. शेजारची रंगांची कंपनी केव्हाच बंद पडली, पण नाल्यावर अजून लाल-जांभळा तवंग यायचा. होळीला रंग विकत आणायची गरज नव्हती. याच पाण्याने एकेकाळी गल्लीतल्या म्हशी मेल्या होत्या. नातवंडाच्या अंगात हे विष जाऊ द्यायचं नाही, असं विमलाबाईंनी ठरवूनच टाकलं होतं. म्हणून तर लेकीसाठी कोलशेतच्या नव्या टॉवरमधलं स्थळ पाहिलं.

संचिताचा रोज फोन यायचा. "आई, घेऊन जा ना मला. इथे तोंड सारखं कडू पडतं. तुझ्याकडे येऊन नुसतं झोपायचंय गं."

"दिवस गेल्यावर पडतंच तोंड कडू. इथे काय ठेवलंय? तिथेच राहा."

फोन ठेवला की विमलाबाई रडायच्या. लेकीला नाही म्हणताना त्यांचं काळीज तुटायचं.

मुलगी झाली. दूध ओढता ओढताच थकायची. रडणंही धड नाही, मांजरीच्या पिलाएवढा आवाज.

ठाण्याच्या इस्पितळात डॉक्टर क्षिप्रांनी समजावून सांगितलं. पेशींमध्ये शक्ती तयार करणारे बारीक भाग असतात, मायटोकॉन्ड्रिया. त्यांचा डीएनए बाळाला फक्त आईकडून मिळतो. या बाळाचा तोच बिघडलाय. पिढीजात दोष असेल, नाहीतर विषारी रसायनं. "संचिताचं आणि तिच्या आईचं, दोघींचं रक्त तपासू."

आईकडून. म्हणजे आपल्याचकडून. विमलाबाईंनी मुकाट्याने हात पुढे केला. जावई सुशांत त्यांच्याकडे बघायचंही टाळत होता.

तपासणीचा अहवाल आला त्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारलं, "मॅडम, नाल्याचंच ना? माझ्यातूनच गेलं ना पोरीत?"

"नाही हो मावशी. तुमचा डीएनए शाबूत आहे. रक्तातही काही नाही. तुम्हीच सांगितलंत, नाल्याच्या पाण्याला तुम्ही कोणी हात लावत नाही, तुमचं पाणी नळाचं."

"मग?"

"बिघाड संचितापासून सुरू झालाय, आणि ताजा आहे. तिचा टॉवर जुन्या रसायन कारखान्याच्या जमिनीवर उभा आहे. टाकीत तिथल्याच बोअरवेलचं पाणी चढतं. त्यातलंच रसायन तिच्या रक्तात सापडलं."

"आणि बाळ?"

"आशा फार थोडी आहे. शेवटच्या महिन्यांत सगळ्यात जास्त नुकसान झालं. तेवढे दिवस जरी ती दुसरीकडे राहिली असती..." डॉक्टरांनी चष्मा काढला. "माहेर तर इतकं जवळ. मग पहिल्या बाळंतपणाला नेलं का नाहीत तिला?"