पूर्व आळीचा फिलसू

दोन्ही दोर समोरासमोर आदळले आणि फिलसूची छाती मामाच्या छातीवर आपटली. खाली दोर पेलणाऱ्या बल्ल्या खांद्यावर घेतलेले दोन्ही आळ्यांचे गडी एकदम ओरडले.

भाताच्या पेंढ्याचा, माणसाच्या कमरेएवढा जाड दोर. पुढचं टोक नागाच्या फण्यासारखं उभं केलेलं. पूर्व आळीच्या फण्यावर फिलसू, पश्चिम आळीच्या फण्यावर त्याचा मामा. ज्याचा फणा जमिनीला टेकेल तो हरला. वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला पश्चिम आळी जिंकली की भात भरघोस येतं, हे पूर्व आळीलाही ठाऊक आहे. तरी ती जीव खाऊन लढते. न लढता मिळालेला विजय शेताला लागत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

यंदा मात्र सगळं आधीच ठरलं होतं. सोलहून आलेल्या गाण्याच्या कंपनीच्या माणसांनी ठरवलं होतं. फिलसू, ज्याला जग लुओन म्हणून ओळखतं, जिंकणार. त्याच्या नव्या गाण्याच्या व्हिडिओत ते दिसणार. त्याच्या तोंडाला कुणी हात लावायचा नाही, कारण पुढच्या आठवड्यापासून परदेशचा दौरा. सरपंचानं मान डोलावली, मामानंही डोलावली. बांधावर ब्राझील आणि पोलंडहून आलेल्या पोरी पाट्या नाचवत लुओन, लुओन करत होत्या.

"मामा, ढकला ना!" फिलसू दात खात म्हणाला.

"ढकलतोय की." मामा अंग चोरत होता. "तू हात उगार, मी पडतो. जरा डावीकडून मार, कॅमेरा तिकडं आहे."

खालून सुन्न्यो आजीचा आवाज आला. पश्चिम आळीची ही म्हातारी तोंडानं फार वाईट. "अगं बाई, हा कोण वर चढलाय? म्हणे आपल्या आळीची लेक ओकबुन, तिचा पोरगा! नाक कुठून आणलंस रे, दुकानातून?"

बाया खिदळल्या. नाक दुकानातूनच आलं होतं म्हणा. घरचं बसकं नाक कंपनीनं पहिल्याच वर्षी कापून सरळ करून घेतलं होतं. मामाचं नाक मात्र उजवीकडं पार वाकलेलं. ह्याच लढतीत, ह्याच शेतात, फिलसूच्या बापानं फोडलेलं. मामा ते मेडलासारखं मिरवायचा.

मामाचे गुडघे वाकायला लागले. तो खरोखरच पडत होता. पूर्व आळीचे गडी, फिलसूचे शाळेतले सोबती, वर बघत नव्हते. कुणी पाहुण्याला खांद्यावर घेऊन फिरवावं तसे ते त्याला पेलून उभे होते.

फिलसूनं मामाच्या थोबाडीत मारली.

ढोलांचा ताल चुकला. भाच्यानं मामावर हात टाकला होता, आणि तोही नाटकातला नव्हता.

"गुमान जिंक," मामा गुरगुरला. "तुझ्या मॅनेजरला शब्द दिलाय."

"मॅनेजरचं भात आहे का इथं? बापानं नाक फोडलं तेव्हाच संपलात तुम्ही. नुसते कलथून पडायच्या लायकीचे!"

दुसरी थप्पड बसायच्या आत मामाचं कपाळ फिलसूच्या तोंडावर आलं. काडकन आवाज झाला. फिलसूच्या डोळ्यांपुढं पांढरंफटक झालं, तोंडात गरम रक्त आलं. तो पडला नाही. त्यानं मामाची मान काखेत धरली, बरगडीत कोपर घातलं, पुन्हा घातलं. मामानं त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला.

"रेट! रेट! आपला फिलसू आहे वर!" खाली सोबत्यांना कंठ फुटला. बल्ली मोडली, एकाचा खांदा निखळला, तो एका हातानं रेटत राहिला. पूर्व आळी खरंच लढत होती. मामानं गुडघा पोटात घातला, फिलसूला कमरेत धरलं आणि स्वतःसकट खाली झोकून दिलं. वरून पश्चिमेचा दोर चढला. पूर्वेचा फणा करकरत चिखलाला टेकला.

पश्चिम आळीच्या झांजा फुटतील अशा वाजल्या. बांधावरच्या पोरींनी टाळ्यांचा कडकडाट केला. किती छान बसवलंय, असं त्यांना वाटलं.

मॅनेजर बर्फाची पिशवी घेऊन चिखलातून धावत आला. "नाक! अहो, नाक गेलं!" तो रडायच्या बेतात होता. "दौऱ्याचं काय?"

सुन्न्यो आजीनं त्याला ढुंगणानं बाजूला सारलं. ती बसली, ओच्यानं फिलसूचं रक्त पुसलं, हनुवटी धरून तोंड उन्हाकडं वळवलं. नाक उजवीकडं पार वाकलं होतं. तिनं एकदा ते पाहिलं, एकदा शेजारी बरगड्या धरून पडलेल्या मामाकडं पाहिलं.

"हां," ती म्हणाली. "आता मामावर गेलास."