मोठी आवृत्ती

दुकानदाराने जुन्या चित्रकथांच्या दोन्ही आवृत्त्या पुढ्यात ठेवल्या. एक जाडजूड ग्रंथ, त्यात चित्रं मूळच्या मोठ्या आकारात. दुसरी म्हणजे छोट्या, पातळ पुस्तकांचा संच. नलिनीताईंनी संचावर बोट ठेवलं. पक्षाघातानंतर दिगंबररावांचा उजवा हात लुळा पडला होता. लहानपणी पारायणं केलेल्या या चित्रकथा त्यांना एका हाताने धरता यायला हव्या होत्या.

“हाच बांधून द्या.”

“नको,” चाकाच्या खुर्चीतून दिगंबरराव अडखळत म्हणाले. “मोठा घे.”

“अहो, एका हाताने कसा पेलणार तो?”

“दोन्ही हातांनी धरीन.”

नलिनीताईंनी संचावरचं बोट उचललं. आजारपणानंतर नवऱ्याने उजव्या हाताचं नाव काढलं नव्हतं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला ते दारातूनच परत पाठवत.

नलिनीताईंनी ग्रंथ दिगंबररावांच्या मांडीवर ठेवला. लुळा हात कडेवरून घसरला. दिगंबररावांनी डाव्या हाताने तो उचलून पुन्हा पुठ्ठ्यावर ठेवला. तो पुन्हा घसरला, त्यांनी पुन्हा ठेवला. अखेर बोटं कडेवर जेमतेम वळली.

“त्या मुलीला,” ते म्हणाले, “उद्या घरात येऊ दे.”