मागचं दार

वस्तीतले धोके शोधायची बैठक संपत आली होती. लोक जांभया देत होते. शेवटचा धोका मी याही वर्षी तोच सांगितला. "या सभागृहाचं मागचं दार. पुढच्या जिन्याला आग लागली तर सुटकेची तेवढीच वाट, आणि तिथे कायम खुर्च्यांची चळत!" सगळ्यांनी माना वळवल्या. दार मोकळं होतं. "कशाला मॅडम साप साप म्हणून भुई धोपटता?" अध्यक्ष हसले. "अहो, त्याच खुर्च्यांवर आपण बसलोय," मी म्हणेपर्यंत आभाराच्या टाळ्या सुरू झाल्या होत्या. माणसं पांगली. शिपाईमामा एकेक खुर्ची मागच्या दाराशी रचू लागले. "मामा, भिंतीला लावा ना." "उद्या सकाळी पोरांचा कराटेचा क्लास आहे. त्यांना जागा मोकळी नको?" चळत कडीच्या वर गेली. "उठा मॅडम, तुमची तेवढी राहिलीय," मामा म्हणाले. मला काही केल्या उठवेना.